पेज: आपली आणि बौद्ध जगताची

अंधेरी-बोरीवलीच्या हॉटेलांत हल्ली चिनी नूडल्स, तिबेटी मोमो, थाई करी सर्व काही मिळते. आपली मुले ते आवडीने खातात, जरूर खावे. पण घरात कोणी पेज मागितली की "आजारी आहात का?" असा प्रश्न येतो. पाहुणा आला तर पेजेचे पातेले आत सरकवले जाते. याविषयी आम्हाला चार शब्द सांगायचे आहेत.

विनयपिटकातील महावग्गात यागूची कथा आहे. यागू म्हणजे तांदळाची पेजच. अंधकविंद येथे एका ब्राह्मणाने भिक्खुसंघाला यागू आणि मधाचे लाडू दान दिले. त्या वेळी भगवान बुद्धांनी यागूचे दहा गुण सांगितले. यागू देणारा आयुष्य, वर्ण, सुख, बल व प्रतिभा देतो. यागू भूक भागवते, तहान शमवते, वायू सरळ करते, मूत्राशय शुद्ध करते आणि न पचलेले अन्न पचवते.

जपानमध्ये हीच पेज 'ओकायू', तर थायलंडमध्ये न्याहारीचा 'जोक'. श्रीलंकेत नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताचा 'किरीबत' सणावाराला हवाच. चीनमध्ये बाराव्या चांद्रमासाच्या आठव्या दिवशी बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीनिमित्त विहारांतून धान्ये व कडधान्ये घातलेली पेज वाटतात. आपण वैशाख पौर्णिमेला सुजाताच्या आठवणीने खीर वाटतो, तसेच ते.

मग लाज आपल्यालाच का? कारण कोकणात पिकाचा मोठा वाटा खोताकडे जाई आणि आपल्या वाडवडिलांच्या ताटात कणी उरे. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते याच पिळवणुकीविरुद्ध. दुसरे काही नाही म्हणून पेजेवर दिवस काढणे आम्हाला पुन्हा नको. पण त्यात कणीचा काय दोष?

कृती सोपी आहे. एक वाटी कणी धुऊन आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवावी, मीठ घालावे. सोबत भाजलेला सुका बोंबील किंवा लसणाची चटणी घ्यावी. मराठवाड्याकडची मंडळी ज्वारीच्या कण्या करतात, त्याही तितक्याच रुचकर. बोधगया-सारनाथच्या प्रवासात पोट बिघडले, तर घरी परतल्यावर यासारखा आराम नाही.

घाटकोपर-मुलुंडच्या महिला मंडळांना आमची सूचना आहे. येत्या वर्षावासात भिक्खूंच्या सकाळच्या भोजनात एक दिवस पेज ठेवा. ती मुलामुलींना शिजवू द्या आणि त्यांच्याच हातून वाढा.