थंडीत मुलांना कोंडू नका

थंडी पडली की तीन-चार वर्षांच्या मुलाला कानटोपी घालून घरात बसवायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता. पण सर्दी होते विषाणूंमुळे, आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ते अधिक सहज पसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार या वयात दिवसाला १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली धावपळीची. सोफ्यावर ती कशी होणार?

खेळणी आणायची गरज नाही. दिवाळीतल्या किल्ल्याची माती टाकून देऊ नका. सोबत करवंटी, जुनी गाळणी, तांब्याभर पाणी द्या. किती पाण्यात बुरूज उभा राहतो आणि कितीत ढासळतो, हे मूल स्वतःच शोधतं (आपण शिकवायला जाऊ नये). हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात. स्वतःची सावली खडूनं आखायची, तासाभरानं त्याच जागी उभं राहून ती कुठं सरकली ते बघायचं.

मुंबई-पुण्यात मात्र भल्या सकाळी नको. तेव्हा धूर-धूळ जमिनीलगत साचलेली असते. ऊन वर आल्यावर न्यावं. कपडे भिजले तर लगेच बदलावेत. दमा असलेल्या मुलांबाबत डॉक्टरांना आधी विचारावं.