कळ त्यांची, बोट आमचे!



लालबागच्या एका चाळीत आमच्यातलाच एक जुना साचेवाला मोबाइल हातात घेऊन घराचा अर्ज भरावयास बसला. वीस वर्षे दोन-दोन साचे सांभाळलेला माणूस. दोरा तुटला तर आवाजावरून ओळखणारा! अर्जात नाव मराठीत लिहायचे होते आणि नावात होता ‘ळ’. तो ‘ळ’ काही त्याला सापडेना. वर पाहिला, खाली पाहिला, शेवटी म्हणाला, ‘जाऊ दे च्यायला, ल तर ल!’ पासबुकात ‘बाळ’, अर्जात ‘बाल’. महिनाभराने अर्ज परत आला. कारण काय, तर नावे जुळत नाहीत!

एका अक्षरापायी घराचा अर्ज परत! नातवाने हसत हसत त्याला समजावले, ‘आजोबा, तुम्हांला येत नाही.’ आम्ही विचारतो, येत नाही कुणाला? आजोबाला, की ज्याने तो कळफलक मांडला त्याला?

हा ‘ळ’ लपला कुठे होता ते सांगतो. संगणकावर देशी लिप्या लिहिण्यासाठी जी सरकारमान्य मांडणी आहे तिला इनस्क्रिप्ट म्हणतात. १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. साऱ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी असावी, म्हणजे एक शिकला की दुसरीही जमेल, असा तिचा हेतू. हेतू चांगला, आम्ही नाकारीत नाही. पण तिच्यात ‘ल’ तळमजल्यावर आणि ‘ळ’ माळ्यावर! ‘म’ खाली, ‘ण’ वर! ‘र’ खाली, ‘ऱ’ वर! वरच्या अक्षरासाठी आधी दुसरी कळ दाबून माळा उघडायचा. आता ‘आणि’, ‘पण’, ‘कोण’, ‘पाणी’, ‘गिरणी’ हे शब्द टाळून मराठी माणसाने दोन वाक्ये बोलून दाखवावीत! सगळ्यांची सोय पाहताना गैरसोय झाली ती नेमकी आमची. आणि तीच मांडणी उचलून कितीतरी मोबाइलांवर बसवली गेली.

दुसरा रस्ता दाखवतात तो इंग्रजी अक्षरांचा. एबीसी दाबा, मराठी उमटेल! वा रे वा! म्हणजे मराठी लिहिण्यासाठी आधी इंग्रजी शिका. ‘त’ आणि ‘ट’ला एकच अक्षर, ‘द’ आणि ‘ड’ला एकच, ‘न’ आणि ‘ण’चे तेच, मग यंत्र आपल्या अकलेने ठरवणार की तुम्हांला ‘ताट’ हवे की ‘टाट’. कॉलेजातल्या पोरांना हे जमते, त्यांनी खुशाल करावे. पण म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत बाराखडी घोकलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेच्या दारात इंग्रजीचा पहारेकरी कशाला?

जोडाक्षराची कथा तर विचारूच नका. शाळेत आपण ‘क्षि’ एका दमात शिकलो. मोबाइलच्या पोटात मात्र ते चार तुकडे असतात: क, पायमोड, ष, वेलांटी. पायमोडीची कळ दाबावी लागते हे कुणी सांगितलेलेच नसते. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, दाबायची अक्षराच्या नंतर. जुन्या मराठी टाइपरायटरवर काम केलेल्यांची तर तिथेच फसगत होते. चूक खोडावयास जावे तर अनेक कळफलकांवर ते अक्षर तुकड्यातुकड्याने मोडते, आणि म्हातारा माणूस पडद्यावर अर्धवट उरलेले अक्षर बघून घाबरतो की आपण मोबाइलच बिघडवला!

शिवाय ‘ऱ्य’. हे आपल्या मराठीचे खास लेणे. ते सरळ उमटले नाही की ‘आचाऱ्यांना जेवण द्या’ ऐवजी ‘आचार्यांना जेवण द्या’ असा निरोप जातो, आणि लग्नघरी खरा स्वयंपाकी उपाशी! हसण्यावारी न्यावे असे हे नाही. ‘साऱ्या कामगारांनी’ असे पत्रक लिहायला बसलो की आम्हांलाच घाम फुटतो.

कुणी म्हणेल, बोलून लिहा की! मोबाइल ऐकतो. भिवंडीच्या यंत्रमागाच्या खोलीत उभे राहून बोलून दाखवावे एकदा. तिथे शेजारच्याचे शेजारच्याला ऐकू येत नाही.

बंधूंनो, अवजार कसे घडवले आहे यावर कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते, ही गोष्ट गिरणी कामगाराला नव्याने सांगावयास नको. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळाचे निमित्त करून अस्पृश्य बंधूंना विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त तिथे, मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. दोष अर्थातच जातीचा. पण तिला आडोसा मिळाला तो अवजाराचा. आज रेशन, पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी, घराची सोडत, सारे मोबाइलच्या दारातून जाऊ लागले आहे. त्या दाराची कडी आमच्या हाताला लागत नसेल तर ती खाली घ्या!

आणि घेता येते! हे आमचे स्वप्नरंजन नव्हे. इथेच, पवईच्या आयआयटीत, ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक तयार झाला. त्यात व्यंजने शाळेतल्या तक्त्याप्रमाणे ओळीने मांडली आहेत: क ख ग घ, च छ ज झ. ‘क’वर बोट ठेवले की भोवती चाक उमटते, त्यात का, कि, की, कु दिसतात, हवे तिकडे बोट सरकवायचे. जोडाक्षरही आधी दिसते, मग उमटते. बाराखडी आली की लिहिता आले! मग दुकानातून नव्या मोबाइलसोबत असे काही आधीपासून का मिळू नये?

कायद्याकडे पाहावे तर तिथे आणखी थट्टा. २०१६ च्या मानकाप्रमाणे मोबाइलवर बाविसाही भाषा वाचता आल्या पाहिजेत. लिहिता मात्र इंग्रजी, हिंदी आणि ‘आणखी किमान एक’ भाषा आली की झाले. ती एक कोणती, हे विकणाऱ्याच्या मर्जीवर! १९६० साली राज्य मिळाले, १९६४ चा राजभाषेचा अधिनियम झाला, २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जाही मिळाला. आणि बोटाखाली मराठी यावी की नाही, ते मात्र कंपनी ठरवणार!

म्हणून आमचे मागणे असे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर मराठी कळफलक आधीपासून चालू हवा. ‘ळ’, ‘ण’, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ पहिल्याच पडद्यावर हवेत. कळा मोठ्या करता याव्यात. साठीच्या नजरेला आणि जाड बोटाला दिसतील, लागतील एवढ्या. खोडायचे तर अख्खे अक्षर खोडावे. ‘न्हाई’ लिहिले तर न विचारता त्याचे ‘नाही’ करू नये. आमची बोली सुधारायला कुणी सांगितले आहे? आणि कळफलक बाजारात आणण्याआधी तो आमच्या हातात द्या. परळात या, इचलकरंजीत या, सोलापुरात या, आणि माणूस कुठे अडतो ते शेजारी बसून बघा.

एक सावधगिरी मात्र आजच घ्या. कळफलकाला तुम्ही दाबलेले प्रत्येक अक्षर दिसू शकते, बँकेचा गुप्त शब्दसुद्धा. तेव्हा कुणीही पाठवलेला कळफलक डोळे मिटून चढवू नका.

सभेच्या दारात जिथे हे पत्रक विकत घेतलेत तिथेच आमची पोरे टेबल टाकून बसली आहेत. मोबाइल घेऊन या. मराठी कळफलक चालू करून देतील, पैसे पडणार नाहीत. आणि आपले नाव तिथेच एकदा लिहून बघा. जिथे अडाल ते वहीत नोंदवून घेऊ. ती वहीच आम्ही मंत्रालयात नेणार आहोत.