कात्री कुठे लावली?

संक्षिप्त ऑडिओबुक ऐकणाऱ्यांबद्दल आपल्या पुस्तकवाल्यांचं मत ठरलेलं आहे: हे काही वाचन नव्हे. कादंबरी जेन ऑस्टेनची किंवा तिच्याच काळावर लिहिणाऱ्या जॉर्जेट हेयरची असली, तर नाक आणखी मुरडलं जातं. शिवडीला हार्बरची गाडी पकडून तासभर उभ्याने पनवेलला जाणारी मुलगी इअरफोन लावून ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची तीन तासांत आटोपणारी आवृत्ती ऐकत असेल, तर तिच्यावर एकदम तीन कलमं लागतात. वाचायचं सोडून ऐकलं, पूर्ण सोडून अर्धवट ऐकलं, आणि ऐकून ऐकलं काय, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायती जमीनदारांची लग्नं! या तिन्ही कलमांत दम नाही. ज्याच्यात आहे असं चौथं कलम एक आहे, पण ते तिच्यावर लागत नाही.

आधी ऐकण्याचं घेऊ. गिरणगावातल्या चाळींमध्ये श्रावणात पोथी लागायची. एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. कोणी वाती वळत, कोणी पाळीहून आल्यामुळे पेंगत. पोथी पुष्कळदा श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ असे. व्यासांची अठरा पर्वं श्रीधरांनी चौसष्ट अध्यायांत बसवली. म्हणजे मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांना महाभारत कळलं ते ऐकून, आणि तेही संक्षिप्त. त्या वाती वळणाऱ्या बाईला ‘तुम्हाला महाभारत ठाऊक नाही’ असं म्हणायची छाती कोणाची होती? मोबाइल आला आणि नियम बदलला, असं म्हणणाऱ्याने निदान कारण तरी द्यावं.

खुद्द ऑस्टेनच्या घरात कादंबऱ्या मोठ्याने वाचण्याचा रिवाज होता. 1813च्या जानेवारीत ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची पहिली प्रत चॉटनच्या घरी पोचली, तेव्हा शेजारच्या मिस बेन जेवायला आल्या होत्या. मायलेकींनी त्यांना कादंबरी वाचून दाखवायला घेतली. लेखिका समोरच बसली आहे हे मात्र त्यांना सांगितलं नाही. पुढे बहिणीला लिहिलेल्या पत्रात जेनची तक्रार आहे, की आई फार भरभर वाचते, तिला माणसं नीट कळतात पण ती त्यांच्या तोंडची भाषा जशी बोलायला हवी तशी बोलत नाही. या पुस्तकाचं पहिलं परीक्षण म्हणायचं तर हेच, आणि ते वाचणाऱ्याच्या आवाजाचं आहे. ‘आवाज मध्ये आला की वाचकाचं स्वातंत्र्य जातं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वाईट आवाज मध्ये येतो हे खरं. पण म्हणून नाटकंही घरी बसून वाचायची का?

आता काटछाट. त्याच दिवसांतलं, 29 जानेवारीचं दुसरं पत्र आहे. मजकूर आपण इतका छाटला आहे, की हे पुस्तक ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’पेक्षा लहानच भरेल, असं तिने त्यात खुशीत कळवलं आहे. अर्थात लेखिकेची कात्री वेगळी आणि कंपनीची वेगळी, हे मला मान्य आहे. पण पुस्तकाचा शब्दन् शब्द अस्पर्श असतो ही समजूत निदान या बाईंची नव्हती.

संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या त्या कॅसेटमुळे. नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटांत तीन तास बसतात, म्हणून कादंबरीला तीन तासांत बसवायचं. फोनला ती अडचण नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पूर्ण ऐकायला अकरा-बारा तास लागतात, ‘एमा’ला त्याहून बरेच जास्त, आणि लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर ही पुस्तकं पूर्ण स्वरूपात फुकट मिळतात. मग छाटलेली कशाला ऐकायची, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की कॅसेट गेली तरी माणसाचा दिवस काही लांबला नाही. बारा तासांचं ऐकायला घेऊन तिसऱ्या तासाला सोडून देणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि पूर्णाचा आग्रह धरणारे यांनाच वाचक म्हणतात!

तिसरं कलम मला सर्वांत पोकळ वाटतं. शिवडीचा आणि रीजन्सीचा, म्हणजे ऑस्टेनच्या काळातल्या इंग्लंडाचा, संबंध काय, असं विचारतात. गंमत म्हणून सांगतो: ऑस्टेनच्या ‘पर्स्वेजन’चा नायक आरमारातला कप्तान आहे, आणि ती कादंबरी 1817च्या डिसेंबरात बाहेर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचं जहाज पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. पण हा झाला योगायोग. खरा संबंध खोलीचा आहे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या बेनेट कुटुंबाची लाँगबर्नची इस्टेट वर्षाला 2,000 पौंड देते, पण ती फक्त पुरुष वारसाकडे जाते. बेनेट गेले की घर नात्यातल्या कॉलिन्सचं, आणि पाच मुली व त्यांची आई रस्त्यावर. कॉलिन्स या मुलींपैकी एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा तिच्या वाट्याचा हिशेबही ऐकवतो: चार टक्क्यांचे 1,000 पौंड, तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाचे 40 पौंड. समोर, तिला पुढे मागणी घालणाऱ्या डार्सीचे वर्षाचे 10,000. हे कळायला शिवडीच्या श्रोत्याला तळटीप लागत नाही. भाडेपावतीवर नाव कोणाचं, खोली थोरल्याकडे जाणार की धाकट्याकडे, लग्न झालेल्या बहिणीची सही घेतली का, यावरून इथे सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून त्या बाजूला पडल्या. जमीन एकाची, घर दुसऱ्याचं आणि हक्क तिसऱ्याच्या मर्जीवर, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना बेनेटबाईंची घालमेल हास्यास्पद वाटणार नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या पुष्कळांना ती वाटते.

आणि इथेच चौथं कलम येतं. ते लागतं छाटणाऱ्यावर. कथा आखडायची म्हटली की संक्षेपकाला प्रेम तेवढं मुख्य वाटतं आणि पैसा अवांतर. मग नृत्याचे प्रसंग राहतात, नजरानजर राहते, डार्सीचं पत्र राहतं, आणि कॉलिन्सचा हिशेब जातो. तो गेला की एलिझाबेथच्या मैत्रिणीने, सत्तावीस वर्षांच्या शार्लट लुकसने, त्या बावळटाशी लग्न का केलं, हे कळायला वावच उरत नाही. ती नुसती मूर्ख दिसते. एलिझाबेथने दोन मागण्या धुडकावल्या यात केवढा धोका होता, तोही जातो. उरते ती गुळगुळीत प्रेमकथा. तिला ऑस्टेनचं नाव लावणं हा विक्रीचा भाग झाला.

‘एमा’त तर याहून वाईट घडतं. मिस बेट्सची अखंड बडबड ही पहिली बळी. पण तिच्या आईच्या चष्म्याची निखळलेली खीळ बसवायला फ्रँक चर्चिल घरी थांबला, ही निरर्थक वाटणारी बातमी त्या बडबडीतूनच आपल्या कानावर पडते. तो तिथे कोणासाठी थांबला, हे फार पुढे उमगतं. शिवाय ती बडबड आपणही सोसलेली नसेल, तर बॉक्स हिलवरच्या सहलीत एमा मिस बेट्सला टोचून बोलते तेव्हा ना एमाचा मोह समजतो, ना नंतरची शरम.

हेयरला कात्री त्या मानाने सोसते. ‘द हॉबिट’ चित्रपटांतला थोरिन, म्हणजे रिचर्ड आर्मिटेज, याच्या आवाजातली ‘सिल्व्हेस्टर’ आणि ‘व्हेनेशिया’ संक्षिप्तच आहेत, आणि ती ऐकताना काही हरवल्याची चुटपुट मला लागली नाही. हेयरचं बळ प्रसंगांच्या गुंतवणीत आहे. एखादी आत्या-मावशी गळाली तरी गाठ सुटत नाही. म्हणजे सरसकट निषेधही खोटा आणि सरसकट समर्थनही. प्रत्येक पुस्तकाचं निराळं पाहायला लागतं, आणि ते पाहणारा संपादक लागतो.

त्या संपादकाचं नाव पुष्कळदा सापडत नाही. श्रीधरस्वामी अध्यायाच्या शेवटी आपलं नाव घालत. काय ठेवलं आणि काय गाळलं याची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती. 2017च्या अखेरीस स्टोरीटेल ही ऑडिओबुकची सेवा आल्यापासून मराठी ऑडिओचा बाजार वाढला आहे. उद्या कोणी ऑस्टेनची संक्षिप्त मराठी आवृत्ती काढली, तर पहिल्याच वाक्यात ‘संक्षिप्त’ हा शब्द आणि संक्षेपकाचं नाव ऐकू यावं. मला कोणी विचारलं तर मी सांगेन: नेदरफील्डचे पत्त्यांचे डाव उडवा, एखादं नृत्य कमी करा, कॉलिन्सची आश्रयदाती लेडी कॅथरिन हिच्याकडची दोन जेवणं एकात उरका. शार्लट लग्नाला होकार देऊन एकटीच हिशेब मांडते, ते पान मात्र शब्दशः ठेवा. डर्बीशरच्या वाटेवरची प्रेक्षणीय स्थळं गाळायचे कष्ट घेऊ नका. त्यांचं वर्णन करणं हे या पुस्तकाचं काम नव्हे असं सांगून ती ऑस्टेनने स्वतःच गाळली आहेत.