डाग उजळला नाही, म्हणून रोग थांबला?

विजेच्या तारेवरचे वेष्टन कुरतडले गेले तर काय होते, हे तुम्ही जाणताच. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी चेतातंतूंवरील मायलिनचे वेष्टन नष्ट करतात. हल्ला ताजा असेल, तर गॅडोलिनियम टोचून काढलेल्या एम.आर.आय. चित्रात तो डाग उजळतो. पण रोग सतत वाढत जाण्याच्या अवस्थेत शिरला, की असे डाग क्वचितच उजळतात. रोग्याचे पाय मात्र वर्षागणिक जड होत जातात. अशा वेळी 'चित्र स्वच्छ आहे' एवढेच त्याला सांगणे मला तरी पटत नाही. मेंदूतल्याच मायक्रोग्लिया पेशी जुन्या डागांच्या कडेला धुमसत असतात. कार्बन-११ जोडलेले द्रव्य टोचून 'पेट' चित्रणाने ही धग टिपता येते. (कार्बन-११चे अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटे, म्हणजे सायक्लोट्रॉन शेजारीच हवा!) हे द्रव्य ॲस्ट्रोसाइट पेशींनाही चिकटते, त्यामुळे एकट्या चित्रावर फार विसंबू नये. त्याच रोग्याचे चित्र काही वर्षांनी पुन्हा काढून पहिल्याशी ताडावे. धग पसरली की विझली, ते तेव्हाच कळेल. काम खर्चिक आहे खरे. पण निदान नव्या औषधाची परीक्षा घेताना तरी ते टाळू नये.