गच्चीवरचा ऊस

मे संपत आला की फोनवर गच्चीवरच्या बागांचे रील्स सुरू होतात. 'बारा महिने घरची भाजी.' 'या २० भाज्या लावा, बाजार विसरा.' आमच्या शहरात हा सल्ला चुकीचा आहे. मी तो पाळून बघितलाय, म्हणून सांगतो.

मी पुंडलिकनगरात राहतो. घरी बसून कोड लिहितो, आणि संध्याकाळी गच्चीवर जातो. गेल्या वर्षी २४ ग्रो बॅगा होत्या. टमाटे, मिरची, वांगी, सगळं ऐन मे महिन्यात उभं. बॅगेला दिवसाला तीन लिटर पाणी लागायचं, म्हणजे रोजचं ७२ लिटर. आमच्या गल्लीत नळाला सात-आठ दिवसांनी पाणी येतं. दोन नळांच्या मधल्या काळात बाग साडेपाचशे लिटर प्यायची आणि आमची टाकी आहे हजार लिटरची. हा गुणाकार मी कधी केलाच नव्हता. ऑफिसात सर्व्हरला किती मेमरी लागेल याचा हिशोब तीनदा तपासणारा माणूस मी!

एका संध्याकाळी नळी हातात धरून उभा होतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोन बादल्या घेऊन वर आल्या. "भाऊ, थोडं पाणी भेटंल का? बाळाचे कपडे राह्यलेत." मी काही बोलायच्या आत जिन्यातून आई म्हणाली, "त्याला विचारा. टमाट्यांचं झालं की देईल."

त्या आठवड्यात आम्ही टँकर मागवला. टमाटे निघाले चार किलो. पारा ४० च्या वर गेला की टमाट्याचा मोहर गळतो, फळ धरत नाही, हे मला नंतर कळलं.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. आमच्या ग्रुपवर सगळे उसाला शिव्या घालत होते, मीही घालत होतो. मराठवाड्यात बारा ते अठरा महिने उभं राहणारं, अख्खा उन्हाळा पिणारं पीक कशाला हवं? प्रश्न बरोबरच होता. पण माझ्या गच्चीवर मी तेच करत होतो. पाणी साठवलेलं आहे, हाताशी आहे, म्हणून चुकीच्या ऋतूत चुकीचं पीक. ऊसवाल्या शेतकऱ्याला निदान कारखान्याकडून पैसे मिळतात. मला लाइक्स मिळत होते.

यावर लोक काय म्हणतात तेही ऐकलंय. 'ठिबक लावा.' ठिबकनं वाया जाणारं पाणी वाचतं, पण झाडाची तहान कमी होत नाही. 'फिल्टरचं वाया जाणारं पाणी घाला.' आरओमधून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते रोज घातलं की बॅगेतल्या थोड्याशा मातीत साचत जातात. 'तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी वापरा.' जरूर वापरा, पण ते निघतं चार-पाच लिटर. त्यात कढीपत्ता आणि तुळस जगते, २४ बॅगा नाही. 'हिरवाईनं घर थंड राहतं.' गच्चीला पांढरा चुना मारला तरी राहतं, आणि चुन्याला रोज पाणी घालावं लागत नाही.

म्हणून या वर्षीचं नियोजन मी बियांच्या यादीपासून सुरू केलं नाही, पाण्यापासून केलं. आमच्या भागात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. माझी गच्ची ५५ चौरस मीटरची आहे, म्हणजे वर्षाला ३८ हजार लिटरच्या वर पाणी आम्ही पन्हाळीतून रस्त्यावर सोडून देतो. सगळं साठवणं शक्य नाही. पण पाच मिलिमीटरच्या एका सरीत दोनशे लिटरचा ड्रम भरतो. चार ड्रम भरले की पावसानं पंधरा दिवस दडी मारली तरी बाग तगते, कारण ढगाळ हवेत बॅगेला रोज तीन लिटर लागतच नाही.

कृषी विभाग शेतकऱ्यांना दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. माझा नियम त्याचाच धाकटा भाऊ आहे : पहिला ड्रम पावसानं भरेपर्यंत एकही बी मातीत पडणार नाही.

तो भरला की भेंडी, गवार, दोडका, अंबाडी. भेंडी परभणी क्रांती, आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वाण. केवड्याला दाद न देणारा म्हणून काढलेला. शिवाय सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे दोन-चार शेंगा झाडावरच वाळवल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचं. टमाटे आणि वांग्यांची रोपं ऑगस्टअखेर ट्रेमध्ये, सप्टेंबरच्या शेवटी बॅगेत. फळं थंडीत येतील, तेव्हा झाडाला पाणीही कमी लागतं आणि मोहरही टिकतो. दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी.

आणि फेब्रुवारीअखेर सगळं उपटायचं. शेवटची तारीख आधी ठरवायची आणि पेरणी तिथून मागे मोजायची, ऑफिसात रिलीजची तारीख धरून काम मागे मोजतो तशी. मार्च ते मे बॅगा रिकाम्या. माती एकदाच ओली करून वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात उन्हानं मातीतली कीड, बुरशी, तणाचं बी बरंचसं मरतं. कोरडवाहू शेतकरी उन्हाळ्यात नांगरून जमीन तापू देतो, ते उगाच नाही. रील्सना मात्र रिकामी बॅग दाखवता येत नाही, म्हणून तिथं उन्हाळा नसतोच.

तुमच्याकडे नळ रोज येत असेल, तर तुमचा हिशोब वेगळा असेल. पण आठवड्यानं येत असेल, तर बी मागवण्याआधी टाकीचे लिटर आणि दोन नळांमधले दिवस कागदावर लिहा. खाली कोण राहतं, तेही लिहा.

सध्या माझ्या गच्चीवर २४ बॅगा प्लास्टिकखाली आहेत आणि चार ड्रम रिकामे. टाकीत परवाच्या नळापर्यंत पुरेल एवढं पाणी आहे. काल वहिनी विचारत होत्या, "औंदा काही लावलं नाही का?" म्हटलं, पाऊस पडू द्या. दोन बॅगा तुमच्या मेथीला ठेवल्यात.