तिकीट लावलेली रंगीत तालीम

व्हिडिओ गेमच्या बाजारात अलीकडे एक रीत चांगलीच रुळली आहे. खेळ अर्धामुर्धा तयार झाला की तो विक्रीस मांडावयाचा आणि घेणाऱ्यास सांगावयाचे, ‘आपण नुसते गिऱ्हाईक नव्हे, आमचे परीक्षक आहात. दोष आढळतील ते कळवा.’ ‘स्टीम’ ह्या संगणक-खेळांच्या प्रचंड दुकानाने २०१३ साली ‘अर्ली ॲक्सेस’ ह्या नावाने ह्या रीतीस प्रतिष्ठा दिली. प्रश्न असा की, हे परीक्षक खरोखर परीक्षा करतात काय?

विक्रेत्यांचा पक्ष म्हणतो, हजारो डोळ्यांपुढे दोष लपत नाहीत. विरुद्ध पक्ष कुत्सितपणे विचारतो, दोष कळवतो कोण? प्रत्येकास फक्त इतरांच्या आधी खेळावयाचे असते! आमच्या मते दोन्ही पक्षांनी परीक्षा म्हणजे काय, ह्याचाच विचार केलेला नाही.

खेळणे आणि तपासणे ही दोन भिन्न कामे आहेत. एखाद्या दारापाशी खेळ अडकत असेल, तर खेळाडू ते दार टाळून पुढे जातो. पगारी तपासनीस त्याच दारातून शंभर वेळा जातो. यंत्र कोणते, आवृत्ती कोणती, दोषापूर्वी काय केले, तोच दोष पुन्हा घडवून आणता येतो काय, हे सारे लिहिल्यावाचून अहवाल पुरा होत नाही. ‘गेम बंद पडतो’ हा अहवाल नव्हे, ते केवळ गाऱ्हाणे झाले. हे श्रम आहेत, आणि पैसे देऊन करमणूक विकत घेणाऱ्याने ते करावेत, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने धरावयाची?

तरीही काही लोक ते श्रम करतात. ‘डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न’ हा खेळ अपूर्णावस्थेत विकला जात असताना, २०२१ साली, त्याच्या निर्मात्याने आपला हिशेब प्रसिद्ध केला. विकलेल्या प्रती सुमारे १२,०००. त्यांपैकी लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांनी घेतलेल्या ७००. दोषांचे एकूण अहवाल १,०४०. त्यांपैकी लिनक्सवाल्यांचे सुमारे ४००. म्हणजे शेकडा सहांहून कमी गिऱ्हाइकांनी शेकडा अडतीस अहवाल पाठविले! त्यांच्या प्रणालीपुरतेच म्हणावेत असे दोष त्यांत अवघे तीन होते. बाकीचे दोष सर्वांचेच होते, फक्त इतरांनी ते कळविले नव्हते.

ह्या आकड्यांचा अर्थ आम्ही असा लावतो की, परीक्षकपण प्रतीबरोबर विकत मिळत नाही. तो एक संस्कार आहे. लिनक्सची घडणच मुळी वापरणाऱ्यांनी दोष कळवावेत आणि करणाऱ्यांनी ते दुरुस्त करावेत, अशा रीतीने झाली. आपले लिहिणे कोणी वाचतो, हा अनुभव ज्यास आहे तोच पुन्हा लिहितो.

निर्माता मनापासून कामास लागला तर फळ मिळते, हेही मान्य केले पाहिजे. ‘बाल्डर्स गेट ३’ ह्या खेळाचा पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षे लोकांच्या हाती होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संपूर्ण खेळ आला, तेव्हा त्या अंकाची सफाई वाखाणली गेली आणि लोकांनी पूर्वी न पाहिलेल्या तिसऱ्या अंकातील दोषांविषयी बोभाटा झाला. परंतु अपवादास नियमाचे नाव देऊन प्रत्येक अपुऱ्या मालावर ‘चाचणी’ची चिठ्ठी चिकटविणे, ही लबाडी आहे.

आपल्या रंगभूमीने ह्या बाबतीत सभ्यता पाळली आहे. रंगीत तालमीस जाणकारांस निमंत्रण असते. तिला तिकीट लावीत नाहीत. पुण्यात तयार झालेला ‘इंडस’ हा लढाईचा खेळ २०२४ साली सर्वांस खुला झाला, त्यापूर्वी तो निवडक खेळाडूंच्या हाती चाचणीसाठी दिला होता. आणि त्या खेळास मुळात प्रवेशमूल्यच नाही. ही रीत तालमीच्या जवळची. ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडणारा जुना प्रकाशकही आपली चूक आपणच छापीत असे. वाचकाकडून मोल घेऊन वर त्यालाच मुद्रितशोधक नेमीत नसे.

ह्यात आम्हां सीमाभागातील लोकांचा एक वेगळा मुद्दा आहे. स्वस्त मोबाइल आणि तुटक जोडणी ह्यांतून उघडे पडणारे दोष नंदगडच्या मुलांस जसे दिसतील, तसे शहरातील कार्यालयात बसलेल्या तपासनिसास दिसणार नाहीत. पण तो दोष कळवावयाचा तक्ता बहुधा इंग्रजीत असतो. मराठीत वा कोंकणीत विचार करणारा मुलगा तेथे मुका होतो, आणि मग त्यालाच ‘उदासीन’ म्हटले जाते! शिवाय अहवाल लिहिला जाणे आणि त्यावरून काही घडणे ह्यांत किती अंतर असते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. १९६७ च्या महाजन अहवालाने महाराष्ट्रास द्यावयाच्या गावांत नंदगडचे नाव घातले होते. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला, आणि नंदगड होते तेथेच आहे.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. ज्यास परीक्षक हवे असतील त्याने खेळणाऱ्यास त्याच्या भाषेत विचारावे, आलेल्या प्रत्येक अहवालाची पोच द्यावी, दुरुस्ती झाली की तसे कळवावे, आणि परीक्षकांकडून मोल घेऊ नये. ज्यास केवळ भांडवल हवे असेल त्याने तसे उघड सांगावे. अर्धवट माल अर्धवट म्हणून विकण्यात लाज नाही. आमच्या तरुणांसही सांगणे आहे की, दोष नेमका पाहून नेमका लिहिणे ही विद्या आहे. ती अवश्य मिळवा. मात्र ती फुकट मागणाऱ्यास आधी विचारा, ‘आमचे लिहिलेले वाचणार कोण?’ उत्तर मिळाले नाही, तर आपण परीक्षक नाही, केवळ गिऱ्हाईक आहोत, हे ओळखावे आणि पुऱ्या दामात पुरा माल मागावा.