इंजिन कुणी उघडायचं?

आपल्यातली काही शिकलेली माणसं हल्ली पान्याला घाबरतात. हात काळे झालेला माणूस दिसला की त्यांना आपला बाप आठवतो, आणि बाप आठवला की ते रस्ता बदलतात. असाच एक जण सभेनंतर मला बाजूला घेऊन बोलला, "तू कविता लिहितोस, मग गाडीखाली कशाला झोपतोस? बाबासाहेबांनी आपल्या हातात पेन दिलं. परत पाना कशाला धरायचा?" मला एसटी पकडायची होती. म्हणून उत्तर इथे देतो. लांबलं तर लांबू दे.

प्रकरण साधं. रेवदंड्याकडे आमची बौद्धवाडी. तिथे माझ्या चुलतभावाची एक सेकंडहँड गाडी आहे, तीन सिलिंडरची, पेट्रोलवाली. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं उतरतात, दादा त्यांना अलिबागला, मुरूडला सोडतो. त्यावर दोन घरं चालतात. मी लोखंडाच्या मिलमध्ये कंत्राटी, माझा पगार घरात येईस्तोवर अर्धा झालेला असतो, तो हिशेब सोडा.

पाऊस संपता संपता ती गाडी सकाळी खडखडायला लागली. चालू केली की चार-पाच सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज, मग गप्प. दुपारी काय नाय. दादा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. काचेपलीकडच्या साहेबाने सांगितलं, टायमिंग चेन सैल झालीय, पूर्ण किट बदलावं लागेल, २२ हजार, गाडी चार दिवस ठेवा. दादाने विचारलं, उघडाल तेव्हा बाजूला उभा राहू का? उत्तर आलं, आत कस्टमरला परवानगी नाही, ते तुमचं काम नाही.

ते तुमचं काम नाही! दोस्तांनो, हे वाक्य आपल्या घरात किती पिढ्या मुक्कामाला आहे बघा.

माझा पणजा मुंबईच्या गिरणीत होता. सूत कातायच्या खात्यात. विणाईच्या खात्यात, साच्यांवर, अस्पृश्याला घेत नसत. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. आमच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागला तर तो बाटायचा. आणि साच्यावर पगार जास्त! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट लावून धरली तेव्हा कामगारांचे पुढारी नाखुशीनेच ती मागणी घ्यायला तयार झाले. रोज क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांची ही गत. लोखंडाला जात कळत नव्हती. लोखंडाभोवती उभ्या असलेल्यांना बरोबर कळत होती.

आज तोंडाचा धोटा नाय. आज काच आहे.

त्या काचेतून मी पण बघून आलो. गाड्या धुणारी पोरं, खड्ड्यात उतरून जळकं तेल काढणारी पोरं. त्यांना नावं विचारली, आडनावं ऐकली. लॅपटॉप जोडून इंजिनाचे कोड वाचत होता त्याचंही आडनाव विचारलं. इथे लिहीत नाय, तुम्ही ओळखलंत. एकाच छपराखाली घाण एकाच्या वाटेला आणि ज्ञान दुसऱ्याच्या. श्रमिकच कसे वाटून ठेवलेत हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये, लाहोरला करू न दिलेल्या त्या भाषणात, मांडून ठेवलंय. वर्कशॉपचा दरवाजा उघडून बघितलं की तेच दिसतं.

म्हणून आम्ही गाडी घरी उघडायची ठरवली. आता चेन म्हणजे काय ते समजून घ्या. नुसत्या घोषणेने बोल्ट सुटत नाय.

खाली क्रँक फिरतो, त्याला पिस्टन. वर कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. हा मेळ चेन राखते. मारुती ८०० मध्ये त्या जागी रबरी पट्टा होता; तिच्या आधीच्या पद्मिनीत, जी टॅक्सी मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, आखूड चेन होती. पट्टा ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच. चेन इंजिनाइतकी टिकावी म्हणून बनवतात, पण तेल वेळेवर बदललं नाय तर ती मरते. गॅरेजवाले बोलतात चेन ताणली. लोखंड काय रबर आहे ताणायला? प्रत्येक कडीच्या सांध्यात पिन असते, ती झिजते. एका पिनेची झीज केसाएवढी पण नाय. अशा शंभरावर पिना. सगळ्यांची झीज मिळून चेन लांब होते.

ती लांबी खाऊन टाकायला टेन्शनर असतो. तेलाच्या दाबावर तो पुढे सरकतो आणि चेन ताठ ठेवतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. सकाळी दाब चढेपर्यंत सैल चेन गाईडला आणि कव्हरला फटके मारते. हीच ती खडखड. दुर्लक्ष केलं आणि चेन काही दात सरकली, तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग २२ हजारातही भागत नाय.

शनिवारी सकाळी समाजमंदिराच्या बाजूला गाडी लावली. बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली काढली. तेल काढलं, पुढचं चाक काढलं. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली शिरायचं नाय, खाली लोखंडी घोड्या पाहिजेतच. तुम्ही कितीही मोठे विद्रोही असा, जॅक सटकला तर तो विचारत नाय. चेंबरखाली लाकडी फळी आणि दुसरा जॅक देऊन इंजिनाचं वजन पेललं, मगच त्या बाजूचं माउंटिंग सोडलं. क्रँक पुलीचा बोल्ट खाऱ्या हवेने असा धरलेला की विचारू नका. पुली धरायला लोखंडी पट्टीला भोकं पाडून मी एक हत्यार केलं होतं. एकाने ते धरलं, पान्याला चार फुटी पाईप लावून दोघे लटकलो, तेव्हा कुठे कडाक करून बोल्ट सुटला. अख्खी वाडी जमली होती, एक म्हातारी बोलली, "गाडी मोडलीन पोरांनी!"

पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणला, क्रँकच्या आणि कॅमच्या खुणा जुळवल्या, मोबाईलवर फोटो काढले. टेन्शनर दाबून त्याच्या भोकात बारीक तार अडकवली आणि जुनी चेन काढली. नव्या चेनीत काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात, रंगीत कडी नेमकी खुणेच्या दातावर बसवायची. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये जागा वीतभर. आमचे हात जाईनात. वहिनीचा गेला. वहिनी दहावी झालेली, घरी शिवण करते. बॅटरीच्या उजेडात तिने कड्या बसवल्या आणि बोलली, "शिलाई मशीनची सुई आणि खालचं शटल असंच जुळवावं लागतं, नाय तर टाका सुटतो." मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

मग टेन्शनरची तार काढली. पण सेल्फ मारायचा नाय! क्रँकच्या बोल्टवर गोटी लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. कुठे अडलं तर जोर लावायचा नाय, थांबायचं आणि खुणा परत बघायच्या. दोन फेऱ्यांनंतर क्रँक-कॅमच्या खुणा जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या तेवढ्यात परत जागेवर येत नाहीत, त्याला घाबरू नका. कव्हर घासून पुसून, नवीन सील आणि सिलंट लावून बसवलं, सिलंट सुकायला रात्र दिली. रविवारी नवं तेल, नवा फिल्टर. चालू केली. तेल चढेपर्यंत दोन सेकंद आवाज आला आणि गेला. सामान कुर्ल्याहून आणलं होतं, सगळं धरून साडेसात हजार.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून ठेवलंय, भंगारवाला नेईल. विहिरीत नाय, खाडीत नाय. चवदार तळ्याच्या जिल्ह्यातली माणसं आपण, पाणी बाटवायचं काम आपण करायचं नाय.

काही शहरी मित्र याला लगेच 'जुगाड' बोलले. वा वा केली. मला त्या कौतुकाचा राग आहे. जुगाड म्हणजे ज्याला ज्ञान दिलं नाय त्याने कसंतरी भागवायचं, आणि तुम्ही त्याला टाळी द्यायची. कुठला बोल्ट किती ताकदीने आवळायचा याचा आकडा असतो, तो कंपनीच्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये असतो. आम्ही डिक्शनरी घेऊन चार रात्री ती पानं वाचली. हे शिक्षण आहे. त्याला शिक्षण बोला.

ते मॅन्युअल तरी सरळ मिळतं काय? सुटे भाग, हत्यारं, माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्याला मिळू देत नाहीत म्हणून २५ ऑगस्ट २०१४ ला स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींच्या वर दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. पोर्टल ठीक आहे. पण कुलूप लावणारा कोण आणि बाहेर उभा कोण, हे आपल्याला पोर्टलने सांगायला नको.

आता त्या पेनवाल्या साहेबांकडे येतो. साहेब, २९ ऑक्टोबर १९४२ ला बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला आपल्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात परदेशी शिक्षणाची, शिष्यवृत्त्यांची मागणी आहेच. त्याच निवेदनात आपल्या पोरांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत उमेदवार म्हणून घ्या, ही पण मागणी आहे. ज्याने पेन दिलं त्यानेच वर्कशॉपचा दरवाजा पण ठोठावला होता. तुम्ही अर्धं निवेदन वाचलंत.

आणि दुसऱ्या टोकाचे आहेत, त्यांच्यापासून पण सावध. श्रम पवित्र, घाण उपसणं ही सेवा, असं गोड बोलणारे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी पुढे ढोरं ओढायची पण सोडली, त्यासाठी मार खाल्ला, गावाने टाकलेला बहिष्कार सोसला. बरोबर केलं. त्या कामात शिकायला काही नव्हतं, मान नव्हता, सोडायची मोकळीक नव्हती. गटारात उतरायचं काम उद्या कुणी पवित्र बोलला तर त्यालाच आधी उतरवा. माझं भांडण कामाशी नाय. डोकं काढून घेतलेल्या कामाशी आहे. ज्या कामात यंत्राचं पोट कळतं, जे मला उद्या दुसऱ्याला शिकवता येतं, ते काम मी कुणाच्या लाजेसाठी सोडणार नाय. पोरांनी आयटीआयला जावं, मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथून डिप्लोमाला जावं, इंजिनिअर व्हावं, चेन बनवणारा कारखाना काढावा. पोरींनी पण. वहिनीचा हात मी बघितलाय.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी शेजारच्या वाडीतली गाडी उघडतोय, तिचा आवाज पण तसलाच आहे. मोजून आवळायचा टॉर्क पाना आम्ही गेल्या वेळी भाड्याने आणला होता. कुणा कार्यकर्त्याकडे स्वतःचा असेल तर दोन दिवसांसाठी द्यावा. जेवण वाडीत होईल, अंगात जुने कपडे घालून यावं.